पोकेमॉन रेड, ब्लू आणि यलो पुन्हा खेळताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या मराठी घरांत हा खेळ उशिरा आणि तुरळक आला. ज्यांचे मामा किंवा आत्या अमेरिकेत होत्या त्यांच्या हाती गेम बॉय हे हातात धरून खेळायचे यंत्र लागले. बाकीच्यांनी दूरचित्रवाणीवर पोकेमॉनची हिंदीतली कार्टून मालिका पाहिली आणि खेळ मात्र कधीतरी एखाद्या मित्राच्या घरी पाच-दहा मिनिटे हाताळला. आज त्या पिढीची मुले शाळेत जातात, माळ्यावरच्या पेटीतून खेळ साठवलेली जुनी कार्ट्रिजे बाहेर निघतात, आणि रामबागेपासून सुदामा नगरापर्यंतच्या परिचितांकडून तेच ते प्रश्न माझ्याकडे येत राहतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. एका उत्तरातील मजकूर दुसरीकडे लागत असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा नेमका कोणता खेळ? रेड, ग्रीन, ब्लू, यलो, फायररेड अशी इतकी नावे ऐकून गोंधळ होतो.

मूळ खेळ एकच आहे आणि ही त्याच्या आवृत्त्यांची नावे आहेत. सातोशी ताजिरी आणि त्यांच्या गेम फ्रीक या जपानी चमूने तयार केलेले रेड आणि ग्रीन हे जोडभाग २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉयवर आले. त्याच वर्षी जपानमध्ये सुधारलेला ब्लू निघाला. त्यानंतर सप्टेंबर १९९८ मध्ये अमेरिकेत इंग्रजी आवृत्ती रेड आणि ब्लू या नावांनी विक्रीला आली. मालिकेची लोकप्रियता लक्षात घेऊन केलेला यलो जपानमध्ये १९९८ साली आणि अमेरिकेत १९९९ साली आला. त्यात मालिकेतला पिकाचू हा प्राणी खेळाडूच्या मागे मागे चालतो. फायररेड आणि लीफग्रीन ही याच कथेची गेम बॉय ॲडव्हान्सवरील २००४ सालची नवी बांधणी आहे.

कथा सर्वांत सारखीच आहे. कान्टो नावाच्या प्रदेशातील लहान गावातून एक मुलगा निघतो, वाटेत भेटणारे पोकेमॉन नावाचे प्राणी पकडतो, वाढवतो, आठ जिमच्या (लढतींच्या आखाड्यांच्या) प्रमुखांना हरवून बॅज मिळवतो आणि शेवटी चार श्रेष्ठींशी व विजेत्याशी लढतो. प्राण्यांची एकूण संख्या १५१ आहे. मूळ भागांत नायक मुलगाच असतो. मुलगी म्हणून खेळण्याची सोय फायररेड आणि लीफग्रीनमध्ये आहे.

२. इतक्या वर्षांनी सुरुवात करायची तर कोणता भाग घ्यावा?

ज्यांनी लहानपणी हा खेळ अर्धवट सोडला त्यांनी मूळ रेड किंवा ब्लूच घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. त्यातील संथपणा, करडा पडदा आणि प्रश्न १२ मध्ये सांगितलेले दोषसुद्धा त्या खेळाचा भाग आहेत, आणि नव्या बांधणीत ते पुसले गेल्यामुळे आठवणीतला खेळ तेथे भेटत नाही. प्रथमच खेळणाऱ्या मुलांना फायररेड सोयीचा पडतो. त्यात धावण्याचे बूट मिळतात, साहाय्य भरपूर आहे आणि काही दिवसांनी खेळ पुन्हा उघडला की मागे काय काय घडले ते आधी दाखवले जाते. परीक्षेच्या दिवसांत खेळ बाजूला ठेवावा लागणाऱ्या मुलांना या शेवटच्या सोयीचा फार उपयोग होतो.

यलो हा मधला पर्याय आहे. मालिका पाहिलेल्यांना तो जवळचा वाटतो, मात्र सुरुवात इतर भागांपेक्षा कठीण आहे (प्रश्न ९).

घरात दोघे खेळणार असतील तर दोघांनी एकच भाग घेऊ नये. एकाने रेड आणि दुसऱ्याने ब्लू घ्यावा. त्याचे कारण प्रश्न १३ मध्ये आहे.

३. आमच्याकडे गेम बॉय ॲडव्हान्स एसपी आहे आणि एक निन्टेन्डो डीएस आहे. कोणत्या यंत्रावर काय चालेल?

रेड, ब्लू आणि यलोची कार्ट्रिजे मूळ गेम बॉय, गेम बॉय पॉकेट, गेम बॉय कलर, गेम बॉय ॲडव्हान्स आणि ॲडव्हान्स एसपी या सर्वांवर चालतात. डीएसवर ती चालत नाहीत. डीएस आणि डीएस लाइट यांच्या खालच्या खाचेत फक्त ॲडव्हान्सची कार्ट्रिजे बसतात, म्हणजे फायररेड चालेल. पण डीएसला दोन यंत्रे जोडणारी लिंक केबल लावता येत नसल्याने त्यावर खेळणाऱ्याला फायररेडमध्ये दुसऱ्याशी प्राण्यांची देवाणघेवाण करता येत नाही. गेम बॉय मायक्रो दिसायला देखणा असला तरी त्यावरही जुनी कार्ट्रिजे चालत नाहीत.

या सर्वांत एसपी सर्वांत उपयोगी आहे. त्याची बॅटरी चार्ज होते आणि पडद्याला स्वतःचा उजेड आहे, त्यामुळे इंदूर-पुणे गाडीत रात्री दिवे मालवल्यावरही खेळता येते. मूळ गेम बॉयला चार पेन्सिल सेल लागतात आणि पडद्यावर बाहेरून प्रकाश पडावा लागतो.

४. बाजारात आणि ऑनलाइन स्वस्त कार्ट्रिजे दिसतात. खरे आणि नकली कसे ओळखावे?

आपल्याकडे मिळणाऱ्या स्वस्त कार्ट्रिजांपैकी बरीच नकली असतात आणि नकली कार्ट्रिजाचा खरा त्रास सुरुवातीला कळत नाही. खेळ चालू होतो, पहिले काही तास नीट जातात, आणि चार श्रेष्ठींना हरवल्यानंतर किंवा एखाद्या रात्री अचानक सगळे सेव्ह नाहीसे होते. मुलाने महिनाभर वाढवलेला संघ असा गेला की त्याची समजूत घालणे फार अवघड जाते, म्हणून खरेदीपूर्वी पुढील गोष्टी हातात घेऊन पाहाव्यात.

मूळ गेम बॉय कार्ट्रिजाच्या पाठीवर साध्या स्क्रू-ड्रायव्हरने न उघडणारा, कडेने खाचा असलेला स्क्रू असतो. ॲडव्हान्सच्या कार्ट्रिजावर तीन पात्यांच्या खाचेचा स्क्रू असतो. तेथे नेहमीचा फुलीचा स्क्रू दिसला तर संशय घ्यावा. ॲडव्हान्सच्या खऱ्या कार्ट्रिजात खालच्या सोनेरी पट्ट्यांच्या वर, सर्किटच्या पाटीवर, निन्टेन्डोचे नाव बारीक अक्षरांत छापलेले दिसते. समोरचे लेबल तिरपे धरून उजेडात पाहिल्यास त्यावर छापखान्यात दाबून उमटवलेले दोन आकडे दिसतात. नकली लेबलावर ते बहुधा नसतात. रंगही पाहावा, कारण रेडचे कवच लाल, ब्लूचे निळे आणि यलोचे पिवळे असते.

फायररेड सुरू करताच पडद्यावर ‘वन-एम सब-सर्किट बोर्ड’ बसवलेला नाही अशा अर्थाची इंग्रजी सूचना आली, तर खेळाला अपेक्षित असलेली सेव्हची चिप सापडलेली नाही असे समजावे. नकली कार्ट्रिजांत आणि चुकीची मांडणी केलेल्या एमुलेटरवर (फोनवर किंवा संगणकावर गेम बॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) ती दिसते. असे कार्ट्रिज परत करावे.

जपानहून आणलेले कार्ट्रिज खरे असले तरी मजकूर जपानी असतो. या यंत्रांवर देशानुसार बंधन नसल्यामुळे ते चालते, परंतु जपानी आणि इंग्रजी रेड-ब्लू यांची केबलने जोडणी कधीही करू नये. त्यातून सेव्ह बिघडतो.

५. फोनवर एमुलेटरने खेळणे कायदेशीर आहे का?

एमुलेटर हे स्वतः एक प्रोग्राम आहे आणि तो वापरण्यात गैर काही नाही. प्रश्न खेळाच्या प्रतीचा आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार संगणकीय प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याकडे आहे त्याला, ती हरवल्यास किंवा खराब झाल्यास उपयोगी पडावी म्हणून, राखीव प्रत काढता येते. स्वतःच्या कार्ट्रिजावरून रीडरने (कार्ट्रिजातील माहिती संगणकावर उतरवणाऱ्या उपकरणाने) काढलेली प्रत या तरतुदीच्या जवळ जाते. इंटरनेटवरून उतरवलेली प्रत जात नाही. कार्ट्रिज जपून ठेवण्यासाठी रीडर विकत घेणे मला योग्य वाटते आणि त्याचा आणखी एक उपयोग प्रश्न ७ मध्ये आहे.

६. लहानपणीचे कार्ट्रिज सापडले. खेळ सुरू होतो, पण सेव्ह केलेले दुसऱ्या दिवशी राहत नाही. काय बिघडले आहे?

कार्ट्रिजातील सेल संपला आहे. रेड, ब्लू आणि यलोमध्ये सेव्ह केलेली माहिती ज्या चिपमध्ये असते तिला सतत थोडी वीज लागते, आणि यंत्र बंद असताना ती वीज आतील चपट्या गोल सेलमधून मिळते. पंचवीस वर्षे होऊन गेल्यावर हा सेल संपणे स्वाभाविक आहे. त्यानंतरच्या गोल्ड आणि सिल्व्हर या भागांत त्याच सेलवर घड्याळही चालत असल्याने ते सेल आणखी लवकर संपतात. फायररेड आणि लीफग्रीन सेलवर अवलंबून नाहीत. त्यांचे सेव्ह फ्लॅश चिपमध्ये राहते.

सेल घड्याळातल्यासारखा उचकटून काढता येत नाही. कार्ट्रिज उघडल्यावर हिरव्या पाटीच्या एका कोपऱ्यात तो दिसतो. त्याच्या वर आणि खाली पातळ धातूच्या पट्ट्या डागलेल्या असतात आणि त्या पट्ट्यांची टोके पाटीवर सोल्डर केलेली असतात. नवा सेल घेताना जुन्यावर छापलेला क्रमांक वाचून त्याच क्रमांकाचा, पट्ट्या आधीच लावलेला सेल मागवावा. नुसत्या सेलवर घरी सोल्डर लावण्याचा प्रयत्न करू नये, कारण उष्णतेने सेल फुटू शकतो. अधिक आणि उणे या खुणा पाटीवर छापलेल्या असतात, त्या उलट होऊ देऊ नयेत. हात बसलेला नसेल तर जेल रोडवर मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एखाद्या सवयीच्या कारागिराकडे कार्ट्रिज, सेल आणि योग्य स्क्रू-ड्रायव्हर असे तिन्ही घेऊन जावे. हे काम त्यांच्यासाठी काही मिनिटांचे असते.

खेळ मुळात सुरूच होत नसेल तर दोष बहुधा सेलचा नसतो. इंदूरच्या पावसाळ्यात पेटीत पडलेल्या कार्ट्रिजाच्या पट्ट्यांवर काळपट थर चढतो. कान साफ करण्याची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवून तो पुसावा आणि पूर्ण वाळू द्यावा. तोंडाने फुंकर मारण्याची जुनी सवय सोडून द्यावी. थुंकीचा ओलावा पट्ट्या आणखी गंजवतो.

७. सेल अजून जिवंत आहे, जुने सेव्हही दिसते. सेल बदलला तर ते जाईल का?

जाईल. जुना सेल निघताच चिपची वीज तुटते आणि आतील सर्व काही पुसले जाते. ते वाचवण्याचे दोन विश्वासार्ह मार्ग आहेत. पहिला म्हणजे कार्ट्रिज रीडर संगणकाला जोडून सेव्हची फाइल उतरवून घेणे आणि नवा सेल बसल्यावर ती परत कार्ट्रिजात चढवणे. दुसऱ्या मार्गाने मात्र फक्त प्राणी वाचतात : ते केबलने दुसऱ्या कार्ट्रिजात पाठवायचे, सेल बदलायचा, नवा खेळ सुरू करून ते परत घ्यायचे. दुसऱ्या मार्गात पाठवलेल्या प्रत्येक प्राण्याच्या बदल्यात एक प्राणी घ्यावा लागतो, म्हणून समोरच्याकडे पुरेसे साधे प्राणी पकडलेले असावेत. परत आलेले उच्च लेव्हलचे प्राणी नव्या खेळात लगेच ऐकत नाहीत, त्याचा खुलासा प्रश्न १३ च्या शेवटी आहे.

८. पहिला सोबती कोणता निवडावा : बल्बासॉर, चारमँडर की स्क्वर्टल?

पहिल्या दोन जिमचा विचार केला तर बल्बासॉर सर्वांत सोपा आहे, कारण ब्रॉकचे दगडी आणि मिस्टीचे जलचर असे दोन्ही संघ त्याच्यापुढे टिकत नाहीत. स्क्वर्टल ब्रॉकला सहज हरवतो आणि पुढेही कोठे फार अडत नाही. चारमँडरला सुरुवात जड जाते. तरीही मन चारमँडरवर असेल तर तोच घ्यावा. हा संघ पंचवीस-तीस तास बरोबर राहणार आहे, आणि आवडीचा सोबती असला की अवघड जिमसाठी दोन संध्याकाळी जास्त सराव करणे जिवावर येत नाही.

९. यलोमध्ये पिकाचूने ब्रॉक हरतच नाही. पुढे कसे जावे?

ब्रॉकच्या दगडी प्राण्यांची जात भूमीचीही आहे, त्यामुळे पिकाचूच्या विजेचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही. विरिडियन शहराच्या पश्चिमेला असलेल्या बाविसाव्या मार्गावरील गवतात मँकी मिळतो. त्याचे लाथाबुक्क्यांचे वार दगडावर दुप्पट लागतात. त्याच परिसरातील निडोरानही यलोमध्ये बाराव्या लेव्हलला डबल किक शिकतो. मूळ तिन्ही सोबतीही यलोमध्ये पुढे वाटेत भेट म्हणून मिळतात, त्यामुळे पिकाचूने सुरुवात केली म्हणून त्यांना मुकावे लागत नाही.

१०. मध्येच रस्ता अडतो आणि कोठे जावे हे कळत नाही.

बहुतेक जण चार ठिकाणी थांबतात. सॅफ्रन शहराच्या वेशीवरील पहारेकरी तहानलेले असतात. सेलाडॉनच्या मोठ्या दुकानाच्या गच्चीवरील यंत्रातून एखादे पेय विकत घेऊन त्यांतील कोणालाही दिले की चारही वेशी उघडतात. रस्त्यावर झोपलेला स्नोरलॅक्स पोके फ्लूटने उठतो. ती बासरी लव्हेंडरच्या मनोऱ्यातून सोडवलेले वृद्ध मिस्टर फुजी देतात, आणि मनोऱ्यातील भुते ओळखण्यासाठी लागणारा सिल्फ स्कोप सेलाडॉनच्या जुगारघराखालील रॉकेट टोळीच्या तळघरात मिळतो. अंधाऱ्या रॉक टनेलसाठी फ्लॅश हे तंत्र लागते. पाण्यावरून जाण्यासाठी लागणारे सर्फ फ्यूशिया शहराच्या सफारी झोनच्या शेवटच्या भागातील झोपडीत मिळते. तेथे पाचशे पावलांचीच मुभा असते, म्हणून वाटेत प्राणी पकडण्यात पावले घालवू नयेत.

खेळातील लोकांचे बोलणे घाईने पुढे ढकलले की ही सर्व अडचण होते. यातील प्रत्येक गोष्ट कोणीतरी आधी सांगितलेली असते.

११. प्राणी पकडण्याचा चेंडू टाकता येत नाही, जागा नाही असे खेळ सांगतो. दुसऱ्या पेट्या तर रिकाम्या आहेत.

मूळ भागांत पकडलेले जादा प्राणी खेळातील संगणकाच्या पेट्यांत ठेवले जातात. एका पेटीत वीस प्राणी मावतात आणि पेटी भरली की खेळ आपण होऊन पुढची उघडत नाही. पोकेमॉन सेंटरमधील संगणकावर जाऊन पेटी स्वतः बदलावी लागते. पेटी बदलताना खेळ सेव्हही होतो. म्यूटूसारख्या एकदाच भेटणाऱ्या प्राण्यासमोर जाण्यापूर्वी हे आवर्जून तपासावे. पिशवीतही वीसच प्रकारच्या वस्तू राहतात.

१२. माझे सायकिक (मनाच्या शक्तीने लढणारे) प्राणी कोणालाच हार जात नाहीत. खेळ मुद्दाम असा केला आहे का?

काही अंशी मुद्दाम आणि बऱ्याच अंशी दोषामुळे. भुतांचे वार सायकिक प्राण्यांवर दुप्पट लागावेत अशी योजना होती, पण मूळ प्रोग्राममध्ये ते उलट लिहिले गेले आणि त्या वारांचा सायकिकवर मुळीच परिणाम होत नाही. उरले किड्यांचे वार, आणि ते फारच दुबळे आहेत. शिवाय भूत जातीचे तिन्ही प्राणी विषारीही असल्याने सायकिकच्या वाराने स्वतःच लवकर पडतात. गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये हा दोष दुरुस्त झाला आणि समतोल साधण्यासाठी डार्क व स्टील या दोन नव्या जाती आणल्या गेल्या.

असे आणखी काही दोष खेळताना माहीत असावेत. फोकस एनर्जी हे तंत्र वर्मी घाव लागण्याची शक्यता वाढवण्याऐवजी कमी करते, म्हणून ते वापरू नये. शंभर टक्के अचूक म्हणून दाखवलेले बहुतेक वारही २५६ मध्ये एकदा चुकतात. वर्मी घावाची शक्यता वेगावर ठरते, त्यामुळे वेगवान प्राणी या भागांत दिसतो त्यापेक्षा जास्त भारी पडतो. गोठलेला प्राणी आपोआप कधीच वितळत नाही. औषध जवळ बाळगावे.

१३. एकट्याने खेळून १५१ पूर्ण करता येतात का?

येत नाहीत, आणि या खेळाची सर्वांत सुंदर गोष्ट मला हीच वाटते. ताजिरींना लहानपणी किडे पकडण्याचा छंद होता, आणि दोन गेम बॉय जोडणाऱ्या केबलमधून एखादा जीव इकडून तिकडे जातो आहे अशी कल्पना त्यांच्या मनात आली. त्या कल्पनेभोवती हा सर्व खेळ रचला आहे. त्यामुळे प्रत्येक कार्ट्रिजात जाणूनबुजून उणीव ठेवली आहे. रेडमध्ये एकान्स, ऑडिश, मँकी, ग्रोलिथ, स्कायथर आणि इलेक्टाबझ मिळतात. ब्लूमध्ये ते नाहीत, आणि तेथे सँडश्रू, बेलस्प्राउट, मिऔथ, व्हल्पिक्स, पिन्सिर आणि मॅगमार मिळतात. तिघांतला एकच पहिला सोबती मिळतो, दोन जीवाश्मांपैकी एकच घेता येतो, सॅफ्रनच्या डोजोत हिटमनली आणि हिटमनचान यांतला एकच मिळतो, आणि एकुलत्या ईव्हीचे तीनपैकी एकच रूप होते. कडाब्रा, मचोक, ग्रॅव्हलर आणि हाँटर हे चौघे तर दुसऱ्याच्या हाती गेल्याशिवाय पुढच्या रूपात जातच नाहीत. कितीही लेव्हल वाढवली तरी ते तसेच राहतात.

म्हणून हा खेळ पुन्हा खेळणाऱ्याने दुसरा खेळाडू शोधावा, असा माझा आग्रह आहे. भाऊ-बहीण, आते-मामेभावंडे, शेजारचा मुलगा, कोणीही चालेल. लोकमान्य नगरातील एका घरी आजोबा आणि नात असे दोघे खेळतात. जेवणाच्या टेबलावर दोन यंत्रे समोरासमोर ठेवलेली असतात, मधे केबल असते, आणि नातीचा हाँटर असलेला चेंडू तिच्या पडद्यावरील नळीतून सरकत बाहेर जातो व आजोबांच्या पडद्यावर येतो. तेथे तो उघडतो, हाँटरची आकृती थरथरते आणि गेंगार उभा राहतो. दोघांनी ठरवलेले असते की तो लगेच परत द्यायचा, पण आजोबा आधी त्याची माहिती शेवटपर्यंत वाचतात आणि नात केबलवर हात ठेवून बसते. असा क्षण इंटरनेटवरून केलेल्या देवाणघेवाणीत मिळत नाही.

दोन सूचना. देवाणघेवाण चालू असताना यंत्र बंद करू नये आणि केबल हलवू नये. तसेच दुसऱ्याकडून आलेला प्राणी दीडपट वेगाने अनुभव मिळवतो, मात्र पुरेसे बॅज नसतील तर तो ऐकत नाही. मिस्टीचा बॅज असल्यास तीस लेव्हलपर्यंतचे, एरिकाच्या बॅजनंतर पन्नास, सबरिनाच्या बॅजनंतर सत्तर, आणि आठव्या बॅजनंतर सर्व प्राणी आज्ञा पाळतात.

१४. केबल जोडली तरी खेळ म्हणतो की जोडणी झाली नाही.

केबल चुकीची असण्याची शक्यता अधिक आहे. मूळ गेम बॉयचे तोंड मोठे आहे आणि पॉकेट व कलरचे लहान. ॲडव्हान्स किंवा एसपीवर रेड-ब्लू खेळत असाल तर केबल गेम बॉय कलरचीच लागते. ॲडव्हान्सची केबल खाचेत बसली तरी जुन्या खेळांसाठी ती काम करत नाही. याउलट फायररेडसाठी ॲडव्हान्सची केबल किंवा त्या खेळाबरोबर पूर्वी येत असलेला बिनतारी अडॅप्टर हवा. केबल योग्य असेल तर तिची तोंडे प्रश्न ६ मध्ये सांगितल्याप्रमाणे साफ करावीत.

१५. मिसिंगनो खरोखर आहे का? आणि तो पकडल्यास कार्ट्रिज बिघडते का?

मिसिंगनो हा खेळातील दोषामुळे पडद्यावर येणारा प्राणी आहे आणि रेड व ब्लूमध्ये तो खरोखर भेटतो. विरिडियन शहरातील वृद्ध गृहस्थ प्राणी कसा पकडावा हे दाखवतात, तेवढ्यापुरते पडद्यावर खेळाडूचे नाव बदलून त्यांचे येते. खेळाडूचे खरे नाव त्या वेळी स्मृतीच्या अशा जागी ठेवले जाते जेथे एरवी गवतातील प्राण्यांची यादी असते. त्यानंतर थेट उडून सिनाबार बेटावर गेल्यास ती यादी नव्याने भरली जात नाही, कारण बेटाला स्वतःचे गवत नाही. पण बेटाच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या पाण्यात खेळ त्याच यादीतून प्राणी उचलतो. तेथे खेळाडूच्या नावातील अक्षरेच प्राणी आणि लेव्हल म्हणून वाचली जातात. म्हणून कोणाला काय भेटेल हे नावावर अवलंबून असते.

तो भेटताच पिशवीतील सहाव्या वस्तूची संख्या १२८ ने वाढते, आणि याच कारणासाठी मुले त्याच्या मागे लागत. विजेत्यांच्या दालनातील नोंदीची चित्रे मात्र विस्कटतात. संपूर्ण सेव्ह जाते हा समज बरोबर नाही, तरीही ज्या नोंदीशी लहानपणीची आठवण जोडलेली आहे त्या कार्ट्रिजावर हा प्रयोग करू नये. यलोमध्ये तर मुळीच करू नये, तेथे खेळ गोठू शकतो.

१६. बंदरावरच्या ट्रकखाली म्यू हा दुर्मीळ प्राणी असतो असे ऐकले होते. ते खरे आहे का?

ट्रक आहे, म्यू नाही. व्हर्मिलियनच्या बंदरावर जहाजाशेजारी तो उभा असतो, पण त्याखाली काहीही ठेवलेले नाही. फायररेड करणाऱ्यांनी ही अफवा ऐकलेली असावी, कारण तेथे त्यांनी एक लाव्हा कुकी लपवून ठेवली. म्यू स्वतः खेळात आहे तो शिगेकी मोरिमोतो यांच्यामुळे. काम संपत आले असताना चाचणीची साधने काढल्यावर कार्ट्रिजात जी थोडी जागा उरली तीत त्यांनी तो बसवला. सामान्य खेळाडूला तो खास कार्यक्रमांतूनच मिळत असे.

तरीही २००३ च्या सुमारास खेळाडूंना एक वाट सापडली. सेरुलियनच्या उत्तरेकडील चोविसाव्या मार्गावर गवताजवळ उभा असलेला, आणि पडद्यात येताक्षणीच आपल्याला पाहणारा एक प्रतिस्पर्धी आहे. त्याच्याशी, तसेच पंचविसाव्या मार्गावरील स्लोपोक बाळगणाऱ्या मुलाशी अजून लढलेले नसावे. पहिला प्रतिस्पर्धी पडद्यात येईल त्याच पावलावर स्टार्ट दाबून ॲब्राच्या टेलिपोर्टने सेरुलियनला परतावे, पायी जाऊन स्लोपोकवाल्या मुलाला दुरूनच आपल्याकडे चालत येऊ द्यावे, त्याला हरवावे, पुन्हा टेलिपोर्टने परतावे आणि चोविसाव्या मार्गाकडे चालू लागावे. स्टार्ट बटणाची यादी आपोआप उघडेल. ती बंद करताच सातव्या लेव्हलचा म्यू समोर येतो. स्लोपोकच्या ‘स्पेशल’ गुणाचा आकडा २१ असतो आणि खेळाच्या अंतर्गत यादीत त्या क्रमांकावर म्यू आहे, म्हणून तोच येतो. सुरुवात करण्यापूर्वी सेव्ह करावे, मध्ये करू नये.

१७. मुलगी दुसरीत आहे, इंग्रजी अजून नीट वाचता येत नाही. तिला हा खेळ जमेल का?

जमेल, पण शेजारी बसणारे कोणी हवे. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी येतात आणि बटण दाबल्याशिवाय पुढे जात नाहीत. मोठ्याने वाचून मराठीत सांगायला तेवढा वेळ पुरतो. पर्यायांत जाऊन मजकुराचा वेग सर्वांत कमी ठेवावा. प्राण्यांना टोपणनावे देण्याची मुभा आहे, ती तिला वापरू द्यावी. आपण ठेवलेले नाव मूल सर्वांत आधी वाचू लागते. प्रश्न १० मधील ठिकाणे पालकांनी आधी वाचून ठेवावीत, पण उत्तर लगेच सांगू नये.

१८. सुरुवात पुन्हा करायची आहे, पण जुने सेव्ह पुसायचे कसे?

नवा खेळ सुरू करून एकदा सेव्ह केले की जुने जाते. आधीच पुसायचे असल्यास शीर्षकाच्या पडद्यावर वरचा बाण, सिलेक्ट आणि बी ही तीन बटणे एकत्र दाबावीत. गेलेले परत येत नाही, म्हणून आधी प्रश्न ७ पाहावा.

१९. फायररेडमधून माझ्या भावाच्या रूबी या दुसऱ्या पोकेमॉन भागात प्राणी जात नाहीत. केबल बरोबर आहे.

फायररेडमध्ये त्यासाठी बरीच वाटचाल करावी लागते. चार श्रेष्ठींना हरवावे, साठ जाती पकडलेल्या असाव्यात, म्हणजे प्रोफेसर ओक राष्ट्रीय पोकेडेक्स (प्राण्यांची विस्तारित नोंदवही) देतात. त्यानंतर सेवी बेटांवर जाऊन माणिक आणि नीलम ही दोन रत्ने शोधून वन आयलंडवरील सेलिओला द्यावी लागतात. त्याचे यंत्र सुरू झाल्यावरच रूबी, सफायर आणि एमराल्डशी देवाणघेवाण होते. फायररेड आणि लीफग्रीन यांच्यात मात्र एवढे थांबावे लागत नाही.

२०. मूळ रेड किंवा यलोमधले प्राणी नंतरच्या भागांत नेता येतात का?

फक्त गोल्ड, सिल्व्हर आणि क्रिस्टलमध्ये. त्यांतील कोणत्याही पोकेमॉन सेंटरच्या वरच्या मजल्यावरून टाइम कॅप्सूलद्वारे जुन्या कार्ट्रिजाशी जोडणी होते. परत पाठवताना नव्या भागातील जात किंवा नव्या भागातच प्रथम आलेले तंत्र असलेला प्राणी स्वीकारला जात नाही. तेथून पुढे रूबी, फायररेड किंवा त्यानंतरच्या कोणत्याही भागात जाण्याची वाट नाही, कारण तिसऱ्या पिढीत (रूबीपासूनच्या भागांत) प्राण्यांची माहिती साठवण्याची पद्धतच बदलली. २०१६ साली निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या यंत्रावर उतरवून घेण्याच्या स्वरूपात आलेल्या रेड, ब्लू आणि यलोमधले प्राणी पोकेमॉन बँक या प्राणी साठवण्याच्या ऑनलाइन सेवेतून पुढे नेता येत होते. कार्ट्रिजातील प्राण्यांना ती सोय कधीच नव्हती, आणि थ्रीडीएसच्या दुकानातील विक्री २७ मार्च २०२३ रोजी बंद झाली.

यलो असणाऱ्यांसाठी एक फायद्याची गोष्ट आहे. जुन्या भागांत प्राण्यांना वस्तू धरता येत नाही, पण टाइम कॅप्सूलमधून जाताना प्राण्याच्या माहितीतील पकडण्याच्या सुलभतेचा आकडा नव्या खेळात वस्तूचा क्रमांक म्हणून वाचला जातो. यलोमध्ये सुरुवातीला मिळालेल्या पिकाचूचा तो आकडा जाणीवपूर्वक ठरवलेला आहे, त्यामुळे गोल्ड किंवा सिल्व्हरमध्ये तो लाइट बॉल घेऊन पोहोचतो आणि त्याच्या विशेष वारांचे बळ दुप्पट होते.